माझ्या अंड्यातलं परकं दार

मी एक बेडकी आहे. पण बेडकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी हिरवीगार, फुगलेली, डबक्याकाठी बसून घसा साफ करणारी बाई उभी राहते, ती मी नव्हे. मी रंगाने चिखलासारखी, अंगाने चपटी. मागच्या पायांना तीन-तीन काळी नखं. मला पापण्या नाहीत आणि जीभही नाही. जमिनीवर ठेवलंत तर ओशाळून बसून राहीन, कारण माझा सगळा जन्म पाण्यातच गेला.

जीभ नाही तर बोलते कशी, असं विचाराल. तेच तर दुखणं आहे. एकदा बोलायची वेळ आली होती, तेव्हा तोंडातून हूं का चूं निघालं नाही. त्याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून आज सांगायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, पोहतेच आहे. मला एका जागी स्वस्थ राहताच येत नाही.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या टबात झाला. आई कोण, बाप कोण, हे एका कागदावर लिहिलं होतं म्हणे, पण तो कागद फायलीत गेला आणि मी खोक्यात. ओल्या स्पंजाच्या तुकड्यांवर बसून मी दोन दिवस प्रवास केला. खोकं उघडलं तेव्हा वर एक चेहरा दिसला. जाड भिंगांचा चष्मा, कानावर पेन्सिल.

"अगं बाई, हिची नखं बघा! चांगली नखरेवाली दिसतेय," तो चेहरा म्हणाला.

तेच आमचे काका. बेडकांच्या खोलीची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे होती. पाणी बदलायचं, खाणं टाकायचं, पाणी किती गार, किती खारं ते पाहून वहीत लिहायचं. मला त्यांनी नऊ नंबरच्या टाकीत सोडलं. तिथे आधीपासून एक बेडकी होती. ती सारखी मातीच्या नळीत लपून बसायची म्हणून काकांनी तिचं नाव लाजरी ठेवलं होतं. मी नखरेवाली, ती लाजरी. कागदोपत्री आम्हाला नुसते आकडे होते.

माझ्या जातीला माणसांची कामं नवी नाहीत. एके काळी आमच्या पणज्यांना दवाखान्यांत ठेवत आणि एखाद्या बाईला दिवस गेलेत की नाहीत, ते आमच्यावरून ओळखत. नवऱ्याच्या आधी ही गोड बातमी बेडकीला कळायची! आता ते काम गेलं आणि दुसरं आलं.

ते दुसरं काम मला काकांच्या चौकसपणामुळे कळलं. आमच्या खोलीत एक मॅडम यायच्या. किडकिडीत, भराभर चालणाऱ्या, बोलताना केसातली पिन काढून परत खोचणाऱ्या. दर काही महिन्यांनी त्या आमच्यातल्या एकीला न्यायच्या. भूल द्यायची, पोटाला एवढीशी चीर, आतली थोडी अंडी काढून घ्यायची, दोन टाके घालायचे, आणि पुन्हा पाण्यात. मग कित्येक महिने सुट्टी. एका बेडकीचं पोट जन्मात पाचदाच उघडायचं, असा नियम होता.

"मॅडम, विचारू का?" काका एकदा म्हणाले. "एवढी अंडी नेता तुम्ही. ऑम्लेट तर करत नाही ना?"

मॅडम हसल्या. टाकीच्या कडेला हात टेकून म्हणाल्या, "काका, माणसाच्या पेशींना दारं असतात. बारीक बारीक. कोणतं दार साखर आत घेतं, कोणतं मीठ बाहेर टाकतं. आपण त्यातलं एक दार शिकतोय. पित्ताचं."

"म्हणजे आंबट ढेकर?"

"ते नव्हे हो. यकृतातून येतो ना हिरवापिवळा रस, तो. जेवण पचवायला तो आतड्यात उतरतो. काम झालं की आतड्याच्या शेवटाला हे दार त्याला उचलून परत यकृताकडे धाडतं. पुन्हा वापरायला."

"काटकसरी दिसतंय दार."

"काटकसरीच. पण काही मुलांच्या यकृतातून पित्त बाहेरच पडत नाही नीट. तुंबतं, रक्तात उतरतं, आणि सगळ्या अंगाला खाज सुटते. साधी नव्हे हो काका, हाडापर्यंत. रात्रंदिवस. आणि हे दार इमानेइतबारे आणखी पित्त आत ओढतच राहतं."

"मग दाराला कडी घाला की."

"तीच कडी शोधतेय! दारात अडकून बसेल असं औषध. आणि फक्त याच दारात, शेजारच्या दुसऱ्या कुठल्या दाराला हात न लावणारं."

मग माझ्या अंड्याची भानगड उलगडली. माझं अंडं मोठं, मोहरीएवढं. मॅडम त्यात केसाहून बारीक सुईने एक चिठ्ठी घालायच्या. कागदाची नव्हे, माणसाचं ते दार कसं बनवायचं याच्या कृतीची. अंडं बिचारं भोळं. आलेला हुकूम कुणाचा, हे ते विचारत नाही. दोन-तीन दिवसांत त्याच्या अंगावर हजारो दारं उभी राहतात. माझ्या अंड्यात माणसाच्या आतड्याचं दार! मग अंड्यात दोन सुया खोचून त्याच्यावर पित्ताचं पाणी सोडायचं. दार पित्त ओढू लागलं की बारीकशी वीज वाहते आणि पडद्यावर रेघ खाली जाते. औषधाने दार अडलं की रेघ सरळ.

हे ऐकलं त्या दिवशी मी टाकीत चार फेऱ्या जास्तच मारल्या. आपल्या पोटातून निघालेल्या वस्तूने परक्याच्या घरचं दार धरून ठेवावं, याचा अभिमान वाटावा की राग यावा, ते काही ठरेना.

मॅडमनी पुष्कळ औषधं पारखून पाहिली. त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर. त्यातला चौऱ्याहत्तर नंबर त्यांचा लाडका. "काका, चौऱ्याहत्तर दारात असं बसतं, जसं काही घरचंच आहे!" असं सांगत त्या एकदा धावत आल्या होत्या, पिन तोंडात धरून.

आता भिंगरीबद्दल सांगते. तिथूनच सगळं बिनसलं.

आमच्या इमारतीला लागून मुलांचं हॉस्पिटल होतं. त्या आजाराची मुलं तिथे तपासायला यायची आणि दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्यातली काही मॅडमकडे रक्त द्यायला यायची. त्यांतलीच एक सात वर्षांची मुलगी. तिचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. मुलीचं नाव काय होतं ते मी कधी ऐकलं नाही. वडील भिंगरी म्हणायचे, मग सगळेच म्हणू लागले. पोर एका जागी ठरतच नव्हती. उजवा हात डाव्या कोपरावर, डावा पाय उजव्या पोटरीवर, पाठ दाराच्या चौकटीला. सारखी घासत, ओरबाडत, वळवळत. डोळे हळदीसारखे पिवळे. अंगाला कसलंसं पांढरं, गार वासाचं मलम चोपडलेलं.

तिचे वडील कागदांवर सह्या करत असायचे तेवढ्यात ती बोळातून निसटायची आणि आमच्या खोलीच्या दाराच्या काचेला नाक लावायची. काका आतून मला जाळीने उचलून दाखवायचे. आत कोणाला घ्यायचं नाही, असा सक्त नियम होता, म्हणून हा काचेपलीकडचा खेळ.

माझ्या दोन्ही कुशींवर शिवणीसारख्या रेघा आहेत. त्या रेघांना पाण्याची प्रत्येक लहर कळते. कोण चाललं, कोण थबकलं, सगळं. काकांची पावलं संथ, मॅडमची टपटप. भिंगरी दारात उभी असली की दार, भिंत, मांडणी, टाकी, सगळं बारीक थरथरायचं. तिची खाज माझ्यापर्यंत पोचायची. मग मलाही चैन पडेना. मी काचेवर वर-खाली, वर-खाली करत राहायची.

त्या शनिवारी ती आली ती रडतच. शाळेतून घरी पाठवलं होतं तिला. खाजवून खाजवून रक्त काढलं, शेजारची मुलं घाबरली, म्हणून. काका बाहेर गेले. त्यांचा आवाज मला दारापलीकडून ऐकू आला.

"काय झालं गं?"

"बाबा म्हणतात हात खाली. आई म्हणते हात खाली. बाई म्हणतात हात खाली. मी हात ठेवू कुठे?"

मग दार उघडलं. काकांनी तिला आत घेतलं.

"कशाला हात लावायचा नाही हं," ते म्हणाले.

पण ती नऊ नंबरच्या टाकीपाशी आली, स्टुलावर चढली, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.

"अगं, अगं!" काका धावले.

"गार आहे," भिंगरी म्हणाली. आणि गप्प झाली.

खोली थरथरायची थांबली. इतकी थांबली की मला वाटलं, पोर बेशुद्ध पडली की काय. ती नुसती श्वास घेत होती. काकांचा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला होता, तो तिथेच अधांतरी राहिला.

"बेडूककाका, हिला खाजत नाही?"

"हिला? हिची सगळी कातडी ती महिन्या-दोन महिन्यांनी उतरवते आणि खाऊन टाकते."

"ईऽ!" पण मग विचार करून म्हणाली, "मलापण उतरवता आली असती तर किती बरं."

दहा मिनिटं झाली असतील, कदाचित पंधरा. काकांनी तिला ओढून काढलं नाही. मला काकांचा राग यायला हवा होता, कारण तिच्या हातांवरचं ते मलम सुटून पाण्यावर पांढुरका तवंग धरू लागला होता. आम्ही कातडीने पाणी पितो. पाण्यात जे येतं ते सरळ अंगात शिरतं. पहिल्या मिनिटातच माझ्या पाठीला चुरचुर सुटली. लाजरी नळीच्या अगदी टोकाला सरकली. पण त्या पोरीचे हात इतके शांत होते, की मी त्यांच्यापासून दूर गेले नाही. हे मला आजही नीट सांगता येत नाही.

बोळात बुटांचा आवाज आला. मोठे सर, या सगळ्या प्रयोगशाळेचे प्रमुख! काकांनी भिंगरीला झटकन उचललं, हात स्वतःच्या शर्टाला पुसले आणि मागच्या दाराने तिला बाहेर नेलं. सर आले, इकडेतिकडे पाहिलं, थर्मामीटर वाचला आणि काकांना सोबत घेऊनच बाहेर पडले. कसली तरी यंत्रं उचलायची होती. काका परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार, त्यांची सुट्टी. सुट्टीच्या माणसाने वरून खाणं टाकलं आणि तो गेला.

सोमवारी सकाळी काकांनी धापा टाकत सगळं पाणी उपसलं. पण तोवर आम्ही दोघी त्यात दीड दिवस भिजत पडलो होतो. लाजरीच्या पाठीचं साल निघत होतं. मी जडावले होते. पाय हलवावेत असं मनात यायचं, आणि पाय जरा उशिरा हलायचे.

मंगळवारी मॅडम आल्या. पुढच्या सोमवारी मोठी बैठक होती. मुलांसाठी पुढे न्यायचं औषध एकच निवडायचं होतं, चौऱ्याहत्तर की एकतीस. एकतीसची तपासणी आधीच झाली होती; चौऱ्याहत्तरची शेवटची खात्री करून घ्यायची होती, आणि ती एका बेडकीवर नव्हे, दोघींवर. पाळी होती आमच्या टाकीची.

"काका, या जरा मलूल वाटताहेत. काही झालंय का?"

काका चष्मा पुसत होते. "पाणी बदललं ना काल. त्याने असेल."

मी काचेवर धाड धाड आपटले. खरंच आपटले.

"भूक लागलीय वाटतं हिला," मॅडम म्हणाल्या.

आम्हा दोघींची अंडी काढली. गुरुवारी सकाळी लाजरी नळीतच मेलेली सापडली. मॅडम कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "भूल जास्त झाली असेल. माझ्या हातून झाली," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. काका त्यांच्या मागेच उभे होते. त्यांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. त्यांनी ती उचललीही नाही.

शनिवारी रेघा आल्या. साध्या पाण्यातली आमची अंडी कशीबशी तग धरून होती. पण चौऱ्याहत्तर सोडलं, की एकामागून एक फुटत होती. दोघींचीही. मग कोण म्हणेल की दोष अंड्याचा? सगळ्यांना वाटलं, औषधच पेशीला भोकं पाडतंय.

सोमवारी बैठक झाली. दुपारी मॅडम आमच्या खोलीत आल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. पिन हातात, केस सुटलेले.

"काका, चौऱ्याहत्तर गेलं."

"गेलं म्हणजे?"

"बाद. एकतीस पुढे जाणार. एकतीस दार अडवतं, पण सोबत आणखी दोन दारंही अडवतं. मोठ्यांना चालेल कदाचित. लहानांना देताना मात्र जीव धास्तावेल. चार वर्षं काका! चार वर्षं मी ते वाढवलं, आणि शेवटी ते विषारी निघालं."

काका पाणी ओतत होते. बादली भरून वाहू लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मॅडम गेल्यावर मात्र ते माझ्या टाकीपाशी येऊन उभे राहिले. तास झाला असेल. खाणं टाकायची वेळ टळून गेली.

त्या दिवसाइतकी तळमळ मला कधी झाली नाही. सगळं माहीत होतं. कोणत्या वेळी कोणते हात पाण्यात आले, कोणता वास होता, लाजरीला आधी काय झालं, मग काय. आणि मी काय करणार? वर जायचं, खाली यायचं, काचेला हात मारायचे. माणसांना वाटतं, बेडकी खेळतेय.

मंगळवारी मॅडम मांडणीवरच्या चिठ्ठ्या बदलायला आल्या. काका दार लोटून आत आले आणि पाठ दाराला लावून उभे राहिले.

"मॅडम, खोट त्या औषधात नव्हती. पाण्यात होती."

"कसल्या पाण्यात?"

मग त्यांनी सांगितलं. हळूहळू, अडखळत, पण काही लपवलं नाही. भिंगरीचे हात, मलम, तवंग, सरांचे बूट, रविवार, सगळं.

मॅडम ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. "किती वेळ हात होते?"

"दहा मिनिटं. पंधरा."

"आणि पाणी बदललंत सोमवारी."

"सोमवारी."

"मी तुम्हाला विचारलं होतं काका. तोंडावर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पाणी बदललं त्याने असेल."

"मागच्या वर्षी झाकण उघडं राहिलं तेव्हा लेखी समज मिळालीय. दुसऱ्यांदा मिळाली तर... दोन वर्षं उरलीत माझी." मग ते म्हणाले, "आणि पोरीचं येणं बंद झालं असतं. तेवढा वेळ ती खाजवत नव्हती हो मॅडम. मी बघितलं. म्हणून नाही काढले तिचे हात."

मॅडम खूप चिडल्या होत्या. मला पाण्यातून जाणवत होतं. पण त्या ओरडल्या नाहीत. टाकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "पाणी बिघडलं होतं एवढंच सांगते मी. तुमचं नाव नको घ्यायला."

"कसं बिघडलं, विचारतील."

"विचारतील."

"मग कशाला? मी येतोच बरोबर. अर्धवट सांगितलं तर तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, लाडकं औषध वाचवायला बाईने गोष्ट रचली."

दोघं गेले. अर्ध्या तासाने सर स्वतः खाली उतरले. चेहरा लालबुंद.

"ही बेडकांची खोली आहे की पाळणाघर?" एवढं वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. काका मान खाली घालून उभे. मग सरांनी माझ्या टाकीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "ती दुसरी यातच मेली का?"

"हो सर," काका म्हणाले.

सर टाकीवरची चिठ्ठी वाचत उभे राहिले. शेवटी मॅडमना म्हणाले, "पुन्हा करा. चार नंबरच्या टाकीतल्या दोन घ्या. आणि कोणत्या अंड्यात काय सोडलंय, ते मोजणाऱ्याला कळता कामा नये. तुम्हालाही नाही. तुम्ही मोजायचंच नाही."

पुढचे दहा दिवस माझे कसे गेले, ते विचारू नका. एकटी टाकी. लाजरीची नळी काकांनी काढून नेली होती. बोळात टपटप आली की मी वर यायची, पावलं पुढे निघून गेली की खाली. अकराव्या दिवशी टपटप खोलीत शिरली. मॅडमनी काकांचा हात धरून जोरजोरात हलवला. चार नंबरवाल्यांची अंडी शाबूत होती आणि रेघ सरळ. चौऱ्याहत्तरने दार धरलं होतं, आणि फोडलं काहीच नव्हतं.

बैठक पुन्हा भरली. निर्णय फिरला. त्याच आठवड्यात काकांच्या बदलीचा कागद आला. समोरच्या इमारतीत काचसामान धुण्याचं काम. जाताना त्यांनी नव्या माणसाला माझ्याबद्दल एवढंच सांगितलं, "ही सारखी हलते. आजारी नाही. स्वभावच आहे." त्या दिवसापासून शनिवारची मुलंही दुसऱ्या दाराने येऊ-जाऊ लागली. भिंगरीची थरथर पुन्हा माझ्यापर्यंत आली नाही.

माझी अंडी सुधारायला सात महिने लागले. त्यानंतर माझं पोट आणखी दोनदा उघडलं आणि माझे पाच पुरे झाले.

औषध माणसांपर्यंत पोचायला लागणारी वर्षं बेडकीलासुद्धा फार वाटतात, मग मुलांच्या आईबापांचं काय होत असेल? आधी उंदरांवर, मग निरोगी मोठ्या माणसांवर, मग आजारी मोठ्यांवर, मग कुठे मुलांची पाळी. भिंगरीचं यकृत तेवढं थांबलं नाही. एके दिवशी तिचे वडील मॅडमना शोधत आमच्या खोलीच्या दारापर्यंत आले. दार उघडंच होतं, म्हणून सगळं ऐकू आलं.

मुलीच्या मामाने आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. ऑपरेशनला पाच महिने झाले होते. डोळे पांढरे झाले, खाज गेली.

"आता शाळेत अख्खा तास एका जागी बसते, मॅडम. आम्हालाच सवय नाही. घरात शांतता झाली की बायको धावते, काय गं, बरं आहे ना? ती म्हणते, आई, मी नुसती बसलेय."

मॅडम म्हणाल्या, "आमचं औषध तुमच्या वेळेला नाही होऊ शकलं."

"आमच्या लिफ्टचं बघा," वडील म्हणाले. "दहाव्या मजल्यावर अडकलेली असते. ज्याने बटण दाबलं तो कंटाळून जिन्याने निघून जातो, मग लिफ्ट खाली येते. म्हणून काय, येऊ नये का तिने? येऊ द्या. दुसरं कुणीतरी उभं असेल."

औषधाची ती लिफ्ट आली, चार वर्षांनी. मॅडमनी एक छोटी डबी खोलीत आणली आणि तिच्यातली घडीची चिठ्ठी उलगडून वाचली. जुलाब होऊ शकतात, पोट दुखू शकतं, असलंच काहीबाही. कुठे बेडकीचं नाव नाही, काकांचं तर नाहीच. मॅडमचंही नव्हतं. चौऱ्याहत्तरला आता एक लांबलचक नाव मिळालं होतं, ते मला उच्चारता येणार नाही. त्यांनी काकांना फोन केला होता म्हणे. काका केव्हाच निवृत्त झाले होते. बातमी ऐकून त्यांनी एकच विचारलं, "ती नखरेवाली आहे का अजून?"

आहे. सोळा वर्षांची झालेय. पोटावर पाच रेघा, एका डोळ्यावर पांढुरका पडदा. मला आता कामाला नेत नाहीत, नुसती ठेवली आहे. खोलीत दुसरी कामं सुरू आहेत. आता म्हणे मेंदूतलं कुठलंसं दार आहे. कुणाच्या मुलाला त्याचं काय होतं, ते मला ठाऊक नाही. मला सांगायला काका नाहीत, आणि नवा माणूस विचारत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या टाकीत एक कोवळी बेडकी आली. तिला नाव अजून कुणी दिलेलं नाही. भित्री आहे, माझ्या पोटाखाली शिरून बसते. मी हलले की तीही हलते. आज सकाळी तिला पहिल्यांदाच नेलं. दोन टाके पडले असतील एव्हाना. आता तिला त्या कोपऱ्यातल्या उथळ तसराळ्यात ठेवलंय, भूल उतरेपर्यंत. मला इथून तसराळ्याची कड तेवढी दिसते, आत दिसत नाही. आम्ही पाण्यातल्या असलो तरी श्वास हवेतला घेतो, आणि भुलीत मान खाली कलंडली तर उथळ पाणीही पुरतं. नवा माणूस फोनवर बोलत बाहेर गेलाय. मॅडमची टपटप वरच्या मजल्यावर आहे.

माझी गोष्ट संपली. मला काही नको. पण तुम्ही एवढा वेळ इथे उभे आहातच, तुम्हाला पाय आहेत, डोळे धड आहेत, तर दोन पावलं पुढे व्हा आणि तसराळ्यात वाकून बघा. तिचं नाक वर आहे ना? बघा ना जरा. लवकर.